उघडा बुतांव

गुणाजीबाब रस्त्यात भेटला की तुमच्या तोंडाकडे पाहत नसे, गळ्याकडे पाही. सदऱ्याचा वरचा बुतांव उघडा दिसला की त्याची दोन बोटं पुढे यायची, बुतांव लागायचा, आणि मगच "कसो आसा रे?" बुतांव म्हणजे बटण. पोर्तुगीज गेले, जाताना आमच्या सदऱ्यांवर बुतांव ठेवून गेले. या कामात गुणाजीबाबला ओळखदेख, वय, हुद्दा, काही म्हणजे काही आड येत नसे. कंडक्टर तिकीट फाडत असे आणि हा त्याचा गळा बंद करत असे. एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना हा पुढे गेला, नवरदेवाच्या कोटाचे तिन्ही बुतांव लावले आणि परत आपल्या जागी येऊन हात जोडून उभा राहिला. भटजी पुढची ओळ विसरले.

गोवा घटक राज्य झालं तेव्हा डिचोलीच्या बाजारात सभा होती. पाहुणे पुढारी छाती मोकळी टाकून भाषण ठोकत होते. गुणाजीबाब व्यासपीठावर चढला. सगळ्यांना वाटलं, हार घालतोय. त्याने बुतांव लावला, कॉलर सारखी केली आणि उतरला. पुढाऱ्यांचा आवाज त्यानंतर जरा चेपला, असं माझं मत आहे.

कोणी चिडलं तर त्याचं एकच उत्तर ठरलेलं: "बुतांव लायल्यार मनीस मनशासारको दिसता."

बायकांच्या वाऱ्यालाही तो उभा राहत नसे. लांबूनच, जमिनीकडे बघत, एवढंच म्हणे, "बाय, बुतांव." आणि त्याच्या स्वतःच्या सदऱ्याच्या आतल्या पट्टीवर सेफ्टी पिनांची एक रांग टोचलेली असे. चालताना बारीक किणकिणायची. दर आठवड्याला तो दुकानातून पिनांचा नवा पुठ्ठा घेई. दुकानदार विचारी, "इतल्यो पिनी कित्याक रे?" हा म्हणे, "लागतात." एवढंच.

(आमच्या बोलीत बापालाही 'तूं' म्हणतात. म्हणून मी त्याला 'तो' म्हणते आहे. तो माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठा होता. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी रागावू नये.)

आता त्या काळच्या माझ्याविषयी. मी तेवीस वर्षांची होते, कचेरीत कारकून होते आणि अख्ख्या डिचोली तालुक्यात आपल्याइतकं शहाणं कोणी नाही याची मला खात्री होती. आज मला तीन नातवंडं आहेत, आणि ती मुलगी आज समोर आली तर मी तिच्या कानशिलात देईन. नोकरी लागली म्हणून वडिलांनी मला मनगटी घड्याळ घेऊन दिलं होतं. ते लोकांना दिसावं म्हणून मी एक युक्ती केली होती. मासिकातलं चित्र शिंप्याला दाखवून लांब बाह्यांचा, कफवाला ब्लाउज शिवून घेतला होता. उजव्या कफाचा बुतांव लावायचा, डाव्याचा उघडा सोडायचा. म्हणजे हात हलवला की बाही मागे सरे आणि घड्याळ चमके. गोव्याच्या उकाड्यात लांब बाह्यांचा ब्लाउज! घामाने जीव जायचा, पण घड्याळ दिसायचं.

"बाय, बुतांव," गुणाजीबाब जमिनीकडे बघत म्हणायचा.

"ती फॅशन आहे, गुणाजीबाब," मी म्हणायची.

गुणाजीबाब मुरगावच्या बंदरात पाणबुड्या होता. खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या तळाचे शिंपले खरवडायचे, पंख्यात अडकलेले दोर कापायचे. एक कान गेला तेव्हा त्याला घरी बसवलं. तो दोन जुने सिलिंडर आणि सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावलेला रबरी पोशाख घेऊन डिचोलीला परत आला आणि त्याने पाणबुडे मंडळ काढलं. सुरुवातीला आम्ही सात जण होतो. मी सचिव झाले, कारण माझं अक्षर चांगलं होतं. खरं कारण सांगू? मंडळात खाणीवरचा एक देखणा इंजिनिअर होता. तो दुसऱ्याच सहलीनंतर मुंबईला निघून गेला आणि मी मात्र सचिव राहिले. मला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही.

सिलिंडरात हवा भरून घ्यायला मुरगावला जावं लागे. गुणाजीबाब बसने जाई आणि येताना भरलेला सिलिंडर खिडकीपाशी बसवून आपण कडेला बसे.

"हें कितें?" कंडक्टर विचारी.

"वारें. दोन तिकिटां दी. एक माका, एक वाऱ्याक."

मंडळाची पाटी मराठीत रंगवायची की कोंकणीत, यावर तीन तास सभा झाली. दिवसच तसे होते. भाषेवरून सख्खे भाऊ बोलायचे बंद झाले होते. मराठीची बाजू मी घेतली, आणि तावातावाने घेतली, पण सगळीच्या सगळी कोंकणीतून, हे माझ्या लक्षातही आलं नाही. शेवटी गुणाजीबाब म्हणाला, "उदकांत गेल्यार सगळे मोने. फळो कित्याक जाय?" पाण्यात शिरल्यावर सगळे मुके, पाटी हवी कुणाला? पाटी झालीच नाही.

रविवारी आम्ही पेडण्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर जायचो, कायतानच्या व्हॅनमधून. कायतान आमचा पोदेर, म्हणजे पाववाला. व्हॅनला कायम भाजलेल्या पावाचा वास. गुणाजीबाब एकेकाला कमरेला दोरी बांधून पाण्यात नेई आणि त्याने शिकवलेल्या दोरीच्या खुणा अशा: एक हिसका म्हणजे ठीक आहे, वरच्याने विचारायला एक द्यायचा, खालच्याने उत्तराला एक. दोन हिसके म्हणजे सापडलं. चार म्हणजे ओढा. मग दुपारी पाव आणि अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीची रस्सा-उसळ, खायचं. त्या सहलींचा एक फोटो आहे. सगळे ओले, काळेनिळे पडलेले, दात वाजताहेत, आणि मध्ये मी, कोरडी ठणठणीत, काळा चष्मा लावून, हातात पायाचं रबरी पंख धरून, डावा कफ उघडा. नातीने विचारलं, "आज्जी, तू कुठपर्यंत खोल गेली होतीस?" मी म्हटलं, "घोट्यापर्यंत."

पोहता येत नाही म्हणून माझ्याकडे दोरी आली. आणि वही.

मग खाणी आल्या.

डिचोलीत खनिज काढून झालं की खाणीचा खड्डा तसाच सोडून देत. पावसाळ्यात तो भरे. तांबडं, दाट पाणी, विहिरीसारखे उभे कडे, चाळीस-पन्नास फूट खोल. त्यात गुरं पडत, कपडे धुणाऱ्या बायका पडत, पोहायला उतरलेले लोक पडत, आणि काही जण पडत नसत, आपणहून जात. प्रेतं काढायला पोलिसांकडे पाणबुड्या नव्हता. पहिल्यांदा फौजदार आले ते रविवारी सकाळी. आम्ही केरीला निघालो होतो, पाव गरम होते.  गुणाजीबाबने व्हॅन फिरवायला सांगितली.

त्या पाण्यात डोळ्यांचा उपयोग नव्हता. सगळं हातांनी चाचपायचं. पहिल्याच दिवशी काठावर ते आणल्यावर आमच्यातल्या दोघांनी ओकाऱ्या काढल्या. मग सभासद एकेक करून गळाले. कोणाची बायको नको म्हणाली, कोणाला पाव खाववेना. उरलो तिघं: गुणाजीबाब पाण्यात, कायतान दोरी ओढायला आणि मी दोरी जाणायला. केरीच्या सहली बंदच झाल्या.

मी मात्र वही चोख ठेवत होते. सचिवच ना! प्रत्येक खेपेची वेळ घड्याळ बघून लिहायची, खाली लाल शाईची रेघ. किती वाजता उतरला, दोन हिसके कधी, चार कधी. फौजदार एकदा म्हणाले, "बाई, तुमची वही आमच्या स्टेशन डायरीपेक्षा चांगली." मी आठ दिवस हवेत होते. आणि या चोख वहीत माझ्या शहाण्या डोळ्यांना एक गोष्ट दिसली. सापडलं की वर आणायला किती वेळ लागावा? दोरी बांधायची आणि चार हिसके द्यायचे. पण गुणाजीबाबला दोन आणि चार यांच्यामध्ये कधी आठ मिनिटं लागत, कधी दहा. बाई असली तर जास्तच. त्याला विचारलं तर म्हणे, "लागतात."

ती श्रावणातली गोष्ट. मुलगी कोरगावची, लग्न होऊन खाणीजवळच्या गावात आलेली, वर्षही झालं नव्हतं. कपडे धुवायला गेली ती परत आली नाही. पाय घसरला असं सासरचे म्हणत होते, इतर लोक आणखी काही म्हणत होते. आम्ही पोचलो तोवर दोन दिवस झाले होते. मातीच्या ढिगावर ही गर्दी! छत्र्या, चणेवाला, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. जत्राच. तिची आई एका दगडावर बसली होती, कोरगावहून आलेली. ती रडत नव्हती, पाण्याकडेही बघत नव्हती. आपल्या पायांकडे बघत होती.

गुणाजीबाब उतरला. दहा वाजून पाच मिनिटांनी दोरीला दोन हिसके. मी लिहिलं. मग काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी एक हिसका दिला, खालून एक आला. ठीक आहे. कायतान घड्याळ बघायला माझा हात सारखा ओढत होता. "वारें सोंपतलें ताचें! कितें करता तो सकयल?" हवा संपेल त्याची, खाली करतोय काय हा? पंधरा मिनिटं. मी एक दिला. बराच वेळ काही नाही, मग खालून एक आला, पण असा हलका की मासा धडकावा. दहा चोवीसला चार हिसके.

तो वर आला तेव्हा ओठ काळे पडले होते आणि बोटांच्या टोकांतून रक्त येत होतं. दगड लागले असतील, मला वाटलं. ती मुलगी साडीत अशी घट्ट गुंडाळलेली होती की फक्त चेहरा आणि पावलं उघडी. पदर उजव्या खांद्यावर होता. पाण्याने फिरला असेल, मला वाटलं. मला त्या दिवशी फार काही वाटत होतं, विचार काहीच केला नव्हता.

तेवढ्यात तिचा चुलतसासरा ओरडला, "गळ्यातलें खंय?"

गळा मोकळा होता. मंगळसूत्र नव्हतं.

गर्दीत कुजबुज सुरू झाली आणि एकेक नजर गुणाजीबाबवर येऊन बसली. तो अजून धापा टाकत होता. म्हणाला, "तिचें तिचे कडेन आसा." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. चौकशीला ठाण्यावर बसवलं, तिथेही तेच, भिंतीकडे बघत.

फौजदार वाईट नव्हते. त्यांनी मला बोलावलं. गुणाजीबाब बाकावर बसला होता. फौजदार म्हणाले, "बाई, दोन हिसक्यांनंतर वर यायला साधारण किती वेळ लागतो?"

मी वही उघडली. आता मला सांगा, एखाद्या मूर्ख मुलीने काय म्हटलं असतं? माहीत नाही, साहेब, पाण्यातलं मला काय कळतं. पण मी हुशार होते. मी तारखांसकट सगळ्या वेळा वाचून दाखवल्या. आठ मिनिटं. दहा. नऊ. बाई असली की जास्त. आणि ही शेवटची, एकोणीस. माझा आवाज स्पष्ट होता, उच्चार शुद्ध होते.  गुणाजीबाबने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. उघड्या कफाकडे पाहिलं, मग पुन्हा भिंतीकडे.

पुरावा काही नव्हता, म्हणून अटक नाही झाली. पण रोज सकाळी ठाण्यावर हजेरी लागली, सिलिंडर जप्त झाले, आणि गावाने काय ते ठरवून टाकलं. मेलेल्यांच्या अंगावरचं काढतो. एकोणीस मिनिटं काय करत होता म्हणे? ती 'एकोणीस मिनिटं' माझ्या वहीतून निघाली आणि बाजारभर फिरली. आधी मुलं मुद्दाम बुतांव उघडे टाकून त्याच्या वाटेत उभी राहायची, गंमत म्हणून. आता तो दिसला की माणसं हाताने खिसा झाकायची. त्याची दोन बोटं सवयीने पुढे यायची, अर्ध्यावर थांबायची आणि परत जायची. दुकानदाराने पिनांचा पुठ्ठा द्यायचं बंद केलं. कायतान तेवढा त्याच्या दारात रोज दोन पाव ठेवून यायचा. मी रस्ता बदलून जात होते.

तीन आठवडे झाले असतील. कचेरीत माझ्या टेबलासमोर कोरगावची ती आई येऊन उभी राहिली. दोन बस बदलून आली होती. तिने ओच्यातून कागदाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"ह्यो तुमच्या पाणबुड्याच्यो."

पुडीत सेफ्टी पिना होत्या. गंज चढायला लागलेल्या.

"ओल्याच कपड्यांचें गांठोडें बांदून इस्पितळातल्यान माका दिलें," ती म्हणाली. "सोडूंक धीर जालो ना. बारावो जालो, तरी ना. काल सोडलें." ती थांबली. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, उदकांत तिच्या आंगार साडी उरूंक नासली. चोळी फाटिल्ली. तेणें साडी नेसवून धाडली गो माझ्या चेडवाक. निऱ्यो काडल्यो. पदर उरफाटो घेतलो, दादल्या मनशाक कितें कळटा? पूण पिनी लायल्यो. एक-एक. आनी गळसर तुटिल्लें, तें चोळीच्या भितरल्या बाजूक दोन पिनींनी तोंचून दवरलें. सांडूं नये म्हूण."

गळसर म्हणजे मंगळसूत्र. त्याचे काळे मणी तिने ओच्यातच ठेवले होते. नुसते दाखवले आणि पुन्हा बांधले.

"फौजदाराक सांगून आयलां," ती म्हणाली. "पिनी तेच्यो तेका दी. माका तेच्या समोर उबें रावपाक जावंचें ना." आणि गेली.

चाळीस फूट पाण्याखाली त्याने तिला पुन्हा साडी नेसवली होती. आंधळ्या तांबड्या चिखलात. रबरी हातमोजे काढून, उघड्या बोटांनी. मला जिवंत बाईला नीट निऱ्या काढता येत नव्हत्या. आईच काढून द्यायची.

मी गुणाजीबाबच्या घरी गेले. एक खोली, एक खाट, दारात कायतानचे दोन पाव. तो सदऱ्याला बुतांव शिवत बसला होता. मी पुडी पुढे केली. त्याने उघडली, पिना पाहिल्या, एकेक पुसून सदऱ्याच्या पट्टीवर टोचायला लागला. चोरीचा आळ गेला, सिलिंडर परत मिळतील, हे सगळं मी सांगितलं. तो "बरें" म्हणाला.

"सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच. मला रडू यायला लागलं होतं आणि ते रागासारखं बाहेर पडत होतं. "एक वाक्य बोलायचं होतं! चोळीत बघा म्हणायचं होतं!"

"चोळी कित्याक म्हूण विचारलें आसतें तेणीं. साडी खंय आसली, विचारलें आसतें." तो पिन टोचत राहिला. "हांव सांगतलों, फौजदार आयकतलो, सासरचे आयकतले. आनी तूं बरयतली. वहींत."

लिहिलंच असतं मी. लाल शाईने रेघ ओढली असती मी खाली.

शेवटची पिन टोचून त्याने बुतांव पुन्हा शिवायला घेतला. मग तो दोरा दाताने तोडत, जणू बाजारभाव सांगावा तसा आईबद्दल, विहिरीबद्दल बोलला. "म्हजी आवय बांयंतल्यान काडली तेन्ना हांव सात वर्सांचो. गळ घालून काडली. सगळो वाडो पळयत आसलो. हांवें म्हजो सदरो काडून तिचेर घालो." त्याने सदरा झटकून उजेडाकडे धरून पाहिला. "पुरलो ना."

त्यानंतर तो त्या विषयावर कधी बोलला नाही, आणि मीही त्याच्याकडे माफी मागितली नाही. कशी मागतात ते त्या वयात मला येत नव्हतं.

दिवाळीच्या आधी पुन्हा एक खड्डा. या वेळी फौजदार नवे होते, तरुण, कडक इस्त्रीचे. शेतात मजुरीला जाणारी एक म्हातारी. ढिगावर तीच गर्दी, तेच चणे. माझ्या हातात दोरी. पाणी तांबडं, गुळगुळीत, वर काही नाही. मग दोरीला दोन हिसके.

"सापडली?" नव्या फौजदारांनी विचारलं. "वेळ लिहा, बाई. किती वाजले?"

"घड्याळ बंद पडलंय, साहेब," मी म्हटलं.

घड्याळ टिकटिकत होतं. मनगटावर मला कळत होतं. मी दोरी दातांत धरली आणि डाव्या कफाचा बुतांव लावला.